झाकणवाले डॉक्टर

सकाळी साडेसात-आठच्या सुमाराला आमच्या दाराची बेल वाजली, दारात एक उंच, काटकुळे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उभे दिसले, आणि नमस्कार-चमत्कार काही न करता नुसतं "झाकण!" म्हणून समोरच्या दारात गडप झाले, तर आमच्याकडे मुक्कामाला आलेल्या पाहुण्यांनी घाबरून जाऊ नये. ते आमचे शेजारी डॉक्टर साळवे. माझं डाळीचं पातेलं गॅसवर उघडं रटरटतंय, एवढंच त्यांना सांगायचं असतं.

त्यांना घरबसल्या कळतं कसं, हा प्रश्न मलाही पडला होता. आमच्या दोन्ही घरांच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात. माझ्या खिडकीतून वाफ निघाली की यांच्या खिडकीत यांचं नाक तयार! पहिल्यांदा ते असे आले तेव्हा मी गाऊनवर, हातात पळी, आणि कुकरची शिट्टी व्हायच्या बेतात. मी म्हटलं, "झाकण? कसलं झाकण? कुणाचं झाकण?" तर म्हणाले, "तुमचं, ताई. डाळ शिजवायलात का नाहूर तापवायलात?"

मी तोंडाने फटकळ आहे हे आत्ताच सांगून टाकते, मागाहून तक्रार नको. मी म्हटलं, "माझी डाळ, माझा गॅस, माझं नाहूर." आणि दार लावलं. मग आत जाऊन पातेल्यावर झाकण ठेवलं. ते का ठेवलं, कोण जाणे.

आमचं नाहूर म्हणजे मुलुंडवाल्यांना भांडुप वाटतं आणि भांडुपवाल्यांना मुलुंड. दोघंही आम्हाला आपलं म्हणत नाहीत, त्यामुळे आम्ही आपसात धरून असतो. चार मजल्यांची, बत्तीस बिऱ्हाडांची सोसायटी. मी विमा कंपनीतून निवृत्त झाले आणि त्याच महिन्यात मला सेक्रेटरी केलं. माझं तोंड पाहून केलं, असं आमचा विलास म्हणतो. विलास म्हणजे माझा नवरा. त्याला गोड बोलता येतं, म्हणून त्याला कुणी काही करत नाही.

डॉक्टर साळवे चारेक वर्षांपूर्वी इथे राहायला आले. पाटीवर 'डॉ. यशवंत साळवे' वाचून पहिल्याच आठवड्यात तळमजल्यावरच्या कुडाळकर काकू गुडघा घेऊन हजर झाल्या. डॉक्टरांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "काकू, मी चुलींचा डॉक्टर. चूल दुखत असंल तर सांगा." काकू बाहेर येऊन मला म्हणाल्या, "गो सुनंदा, शिकलेलो माणूस, पण वायच सरकलेलो हा."

सरकलेले नव्हते. ऊर्जेचे शास्त्रज्ञ होते. पण काकूंचं अगदीच चूक होतं असंही नाही.

डॉक्टरांना कुठल्याही वस्तूला हात लावल्याशिवाय राहवत नाही. घरी आले की बसायच्या आधी फ्रिजच्या पाठीवर तळहात, मग टीव्हीवर, मग भिंतीतल्या चार्जरवर. आमच्या बंद टीव्हीखालच्या सेट-टॉप बॉक्सवर हात ठेवून मला म्हणाले, "ताई, हा झोपलेला नाही. डोळे मिटून खायलाय." तेव्हापासून मी रोज रात्री त्याचं बटण बंद करते. खाणाऱ्याला खाऊ घालायला माझी ना नाही, पण चोरून खाल्लेलं मला चालत नाही.

एकदा विलासला ताप भरला. डॉक्टर विचारपूस करायला आले, त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, "अडतीस पूर्णांक चार." मी थर्मामीटर लावला, एकशे एक. विलास तशा तापात उठून बसला, कागदावर आकडेमोड केली आणि म्हणाला, "अगं, बरोबर आहे!" ताप त्या कौतुकानेच अर्धा उतरला. कुडाळकरांच्या भाच्याच्या लग्नात जेवणाच्या टेबलावरच्या भांड्यांना हे खालून हात लावत फिरत होते. केटररला वाटलं, सरकारी तपासणी आली. त्याने यांना वेगळी बासुंदी आणून दिली. यांनी वाटीला हात लावला आणि म्हणाले, "ही बरोबर गार आहे."

नोकऱ्यांबद्दल विचारलं की म्हणायचे, "ताई, मी तीन घरी नांदलो. कॉलेज, सरकार आणि कंपनी. तिन्ही सासरं चांगली होती. तिन्हीकडून माहेरी आलो." आणि मिशीत हसायचे.

या तिन्ही सासरी त्यांनी एकच गोष्ट नेली. एक पेटी. तिच्यात वीज नाही, गॅस नाही, तार नाही. साधी जाड भिंतींची पेटी, आत भुसा किंवा गोधड्या. डाळ एकदा खळखळून उकळायची, घट्ट झाकण लावायचं, पातेलं गरम असतानाच पेटीत ठेवायचं, वरून गोधडी लपेटायची आणि विसरून जायचं. आतल्या आत, स्वतःच्याच उष्णतेवर, चार-पाच तासांत डाळ शिजून तयार. गॅस दहा मिनिटांचा. अट एकच, मध्ये उघडायचं नाही. या पेटीवर त्यांनी पीएच.डी. केली.

"कॉलेजात काय केलं," ते सांगायचे, "डाळीत तापमान मोजायच्या तारा सोडल्या. दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहायचा. दुपारी डाळ काय मऊ शिजायची, ताई! घमघमाट सुटायचा. आणि मग ती ओतून द्यायची. प्रयोगशाळेतलं खायचं नाही, असा नियम. मी आकडे लिहिलेली वही घेऊन डब्यातली गार पोळी खायचो."

मग सरकारात गेले. गावोगाव पेटी वाटायची योजना झाली. समितीने पहिला प्रश्न विचारला, पेटीला कुलूप का नाही? दुसरा प्रश्न, पेटीचा रंग कोणता? त्यात वर्ष गेलं. उद्घाटनाला स्टेजवर पेटी ठेवली, आत खरोखरची तूरडाळ. पाहुण्यांनी फीत कापली, टाळ्या झाल्या, फोटो झाले, आणि मंडळी जेवायला विश्रामगृहात गेली. पेटी स्टेजवर तशीच. सहा महिन्यांनी डॉक्टर एका गावात पाहणीला गेले तर पेटीत कोंबडी बसलेली. घरची बाई म्हणाली, "सायेब, लई ऊब धरते. एकवीस अंड्यांतली वीस पिल्लं निघाली." डॉक्टरांना इतका आनंद झाला की त्यांनी अहवालात 'पेटी यशस्वी' असं लिहून खाली पिल्लांची संख्या दिली. त्याबद्दल त्यांना लेखी खुलासा द्यावा लागला.

मग कंपनी. तिथे पेटी गुळगुळीत झाली, चकचकीत झाली, तिला निळा दिवा लागला, ती टूं-टूं वाजायला लागली आणि शेवटी तिच्या पाठीतून एक वायर बाहेर आली. "प्लग, ताई!" हे सांगताना डॉक्टरांचा आवाज अजून चढतो. "जिला काही लागत नाही, तिला प्लग! मी म्हटलं, कशाला? तर म्हणाले, सर, प्लगशिवाय माणसाला खरं वाटत नाही. आणि सहा वर्षं आत काय ठेवलं? पाणी! नुसतं पाणी उकळून ठेवायचे आणि मोजायचे. डाळीने पेटी घाण होते म्हणे." ते घरी परत आले. निरोपाला केक कापला आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्या घड्याळातला सेल डॉक्टरांनी काढून रिमोटमध्ये घातलाय.

हे सगळं ते हसत हसत सांगायचे, आम्हीही हसायचो. एकदा मात्र सांगता सांगता थांबले आणि आपल्या तळहाताकडे बघत म्हणाले, "चाळीस वर्षं झाली, ताई. लोकांनी माझी पेटी मोजली, वाटली, विकली. पेटीतलं कुणी जेवलं नाही. घरी आम्ही तिघं जेवायचो, पण ते धरत नाही मी. घरचं माणूस काय, करपलेलंही गोड म्हणून खातं." घरची तिघं म्हणजे ते, त्यांची बायको आणि मुलगी. बायको इथे येण्याआधीच वारल्या. मुलगी बंगळूरला असते, रविवारी फोन करते.

आणि त्यांची एक खोड मला फार खटकायची. आठवड्यातून तीन-चारदा दुपारी एकच्या ठोक्याला बेल वाजायची. दारात डॉक्टर, हातात वाफाळती डाळ. "थोडं जास्त झालं, ताई." अरे, तापाचा दशांश सांगणाऱ्या माणसाला एका माणसाची डाळ किती घ्यायची ते कळू नये? माझी डाळ केलेली असायची, ही वर यायची, रात्री कोण खाणार? एक दिवस माझं डोकं फिरलेलं होतं, टाकीचं पाणी आलं नव्हतं, बत्तीस फोन येऊन गेले होते. मी दारातच सांगितलं, "डॉक्टर, आमच्याकडे डाळ रोज होते. नका आणत जाऊ." ते म्हणाले, "बरं, ताई." आणि त्यानंतर त्यांनी डाळ आणली नाही. 'झाकण' मात्र चालू होतं, म्हणून मीही विसरून गेले.

आता ज्या दिवसासाठी हे लिहायला घेतलं, त्या दिवसाकडे येते.

आमच्या सोसायटीचा वर्धापनदिन जानेवारीतल्या शेवटच्या रविवारी असतो. त्या दिवशी सगळ्यांनी कंपाउंडमध्ये पंगतीला बसायचं आणि केटरर लावायचा नाही, हा पहिल्या वर्षापासूनचा रिवाज. भात एका घरी, वरण दुसऱ्या घरी, उसळ तिसऱ्या घरी. त्या वर्षी रविवारच्या आठ दिवस आधी गेटवर नोटीस लागली. गल्लीतली पाइपलाइन बदलायची आहे, रविवारी सकाळी आठ ते संध्याकाळी सहा गॅस बंद. झालं! ऐंशी पानं आणि गॅस नाही. सिलिंडर सगळ्यांनी कधीच परत केलेले. केटररला फोन केले तर लग्नसराई, कुणी उभं करेना. विलास म्हणाला, "पुढे ढकला." कुडाळकर काकू म्हणाल्या, "आजवर कधी ढकललंव नाय. माझो नवरो आजारी होतो तेव्हासुदीक नाय."

मीटिंगमध्ये मागच्या खुर्चीवरून डॉक्टर उभे राहिले. "आठला गॅस जाणार ना? मग आपल्याला आठपर्यंतचाच लागतो."

कुणी खोकलं, कुणी फोनमध्ये डोकं घातलं. त्यांच्या पेटीची गोष्ट सगळ्यांनी ऐकली होती, विश्वास कुणाचाच नव्हता. डॉक्टर तसेच उभे. माझ्याकडे बघत होते. हा माणूस विद्यापीठात उभा राहिला, मंत्रालयात उभा राहिला, आणि आज नाहूरच्या सोसायटीत प्लास्टिकच्या खुर्च्यांसमोर उभा होता, आणि तेवढाच घाबरलेला होता. मला काय झालं कुणास ठाऊक. मी म्हटलं, "सेक्रेटरी मी आहे. पेटीतच होईल. नाही झालं तर मला बोला."

तो आठवडा काय सांगू! फ्रिजच्या खोक्यांचं थर्माकोल आलं, माळ्यावरच्या रजया आल्या, विलासचे जुने तीन स्वेटर गेले. पार्किंगमध्ये तीन मोठ्या पेट्या उभ्या राहिल्या. एक भाताची, एक वरणाची, एक अख्ख्या मसूरची. भाताच्या पेटीत वरून घालायला डॉक्टरांनी घरून एक गोधडी आणली. जुनी, लाल काठाच्या लुगड्याची, ठिगळावर ठिगळ. मी म्हटलं, "डॉक्टर, ही कशाला? चांगली रजई देते की."

"ही आईची," ते म्हणाले. "मूळ पेटी हीच. आई रोजाने जायची. पहाटे कण्या शिजवायच्या तर सरपण पुरायचं नाही. एक उकळी आली की गाडगं ह्या गोधडीत गुंडाळायची आणि भुशाच्या टोपलीत ठेवून कामावर. मी दुपारी शाळेतून यायचो. घरात कुणी नसायचं, पण कण्या गरम असायच्या. तिला सही येत नव्हती, अंगठा होता. मी प्रबंधात आभार मानताना तिचं नाव घातलं, तर आमचे गाइड म्हणाले, ह्या कोणत्या संस्थेच्या?"

आणि हसले. मला काही हसू आलं नाही.

रविवारी पहाटेपासून इमारत जागी. पावणेआठला तिन्ही टोप खळखळत खाली आले, झाकणं बसली, गोधड्या लपेटल्या. लाल काठ आतल्या बाजूला, ही त्यांची घडी. आठला गॅस गेला. डॉक्टरांनी सगळ्यांना गोळा करून भाषण केलं. भाषण असं, "एक वाजेपर्यंत कुणी उघडायचं नाही." संपलं. मग ते आंघोळीला आणि नवा शर्ट घालायला वर गेले. पहाऱ्याला मी.

मी बसले. पाच मिनिटं बसले. दहा मिनिटं बसले. आता मला सांगा, जन्मभर भात केलेल्या बाईला भातासमोर हात बांधून बसवायचं म्हणजे काय शिक्षा आहे! दोन बोटांत शीत चेपल्याशिवाय आम्हाला भात शिजतोय हे पटतच नाही. शितावरून भाताची परीक्षा, ही म्हण काय उगीच झाली? त्यात कुडाळकर काकू आल्या. म्हणाल्या, "गो सुनंदा, वायच बघ तरी. ऐंशी माणसां उपाशी ऱ्हवली तर नाव तुझा जातला."

सव्वाआठला मी गोधडी काढली. झाकण उघडलं. वाफेचा हा एवढा लोट उठला आणि गेला, कुठे गेला, नाहूरभर गेला. मी शीत चेपलं. कच्चं. साहजिक आहे, पंधरा मिनिटांत काय होणार? पण तेव्हा डोकं कुठे चालतं! काकू वाकून म्हणाल्या, "पाणी कमी दिसता गो." मलाही दिसलं. मी नळाखाली तांब्या धरला आणि ओतला. एक. मग मनाला बरं वाटेना म्हणून अर्धा आणखी. उलथन्याने खालवर केलं, झाकण लावलं, गोधडी घातली. काकूंनी आपल्या ओठांवर बोट ठेवलं. मीही ठेवलं. आम्ही दोघी शाळेतल्या पोरींसारख्या दिसत असणार.

साडेआठला डॉक्टर आले, कडक इस्त्रीचा आकाशी शर्ट. सवयीने तिन्ही पेट्यांवरून तळहात फिरवला. वरण, मसूर आणि भात. भाताच्या पेटीवर हात थोडा जास्त वेळ राहिला. मग त्यांनी गोधडीकडे बघितलं.  मग एक वाजेपर्यंत त्या पेटीजवळून हलले नाहीत. दर थोड्या वेळाने हात ठेवायचे, आजारी पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. आणि मी दुसरीकडे बघायचे.

एक वाजता ऐंशी माणसं पानांवर बसली. डॉक्टरांनी आधी मसूरची पेटी उघडली. झाकण उचललं आणि वाफ वर आली, असली वाफ की पहिल्या पंगतीतल्यांचे चष्मे धुरकटले. दाणा न् दाणा मऊ, आणि एकही फुटलेला नाही. कुणीतरी चक्क शिट्टी मारली. वरण उघडलं, तेही लोण्यासारखं. मग भात.

वरचा कच्चा, खालचा लापशी.

पंगतीत कुजबुज सुरू झाली. दुसऱ्या मजल्यावरचे एक मेंबर म्हणाले, "बोललो होतो मी, असले प्रयोग..."  मी तोंड उघडणार, खरंच उघडणार होते हो, तेवढ्यात डॉक्टर मोठ्याने म्हणाले, "पाण्याचं प्रमाण माझं चुकलं. भात माझ्यामुळे गेला. पेटीचा दोष नाही." ज्या माणसाने चाळीस वर्षांत समितीपुढे चूक कबूल केली नाही, तो अख्ख्या सोसायटीसमोर हात जोडून उभा होता. आणि मी, मोठी फटकळ, गप्प बसले.

विलास स्कूटर काढून भांडुपच्या बेकरीत पळाला आणि पावाच्या पंचवीस लाद्या घेऊन आला. मग काय सांगू, अख्खा मसूर आणि पाव! लोकांनी असा ताव मारला की विचारू नका. वरण लोक वाट्यांनी प्यायले. काकूंनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं. डॉक्टर स्वतः जेवले नाहीत. हातात पळी घेऊन पंगतीतून फिरत होते, आणि प्रत्येकासमोर वाकून एकच प्रश्न, "गरम आहे का? गरम आहे ना?" मघाशी कुरकुरलेले तेच मेंबर ओरडले, "डॉक्टर, जीभ भाजली ना यार माझी!" त्यावर डॉक्टर असे खुलले! पुढच्या पंगतीला जाऊन सांगायला लागले, "त्यांची जीभ भाजली. सावकाश खा." ते सांगताना त्यांचे डोळे भरले होते, आणि ते वाफेने भरले असं मी तरी म्हणणार नाही.

सगळे खूश. मी मात्र पान अर्धं टाकून उठले. सोमवार कसाबसा काढला. मंगळवारी दुपारी एकला, म्हटलं आता बस्स, आणि त्यांची बेल दाबली.

डॉक्टर जेवत होते. टेबलावर त्यांची ती छोटी पेटी, शेजारी गोधडी, ताटात भाकरी आणि वाटीत डाळ. मी बसलेही नाही. म्हटलं, "डॉक्टर, भात मी बिघडवला. मी उघडला होता."

"सव्वाआठ ते साडेआठच्या मध्ये," ते शांतपणे म्हणाले. "गार पाणी घातलंत. दीड तांब्या असेल."

"तुम्हाला माहीत होतं?"

"गोधडीचा लाल काठ बाहेर आला होता. आणि हात खोटं बोलत नाही."

"मग सांगितलं का नाही सगळ्यांना? स्वतःवर का घेतलंत?"

"तुम्ही एकट्या उभ्या राहिलात माझ्या बाजूने त्या मीटिंगमध्ये," ते म्हणाले. "तुम्हाला कुणी बोलायला नको. माझं काय, मला खुलासे द्यायची सवय आहे."

 त्यांची सवय मला लागली म्हणून की काय, मी त्यांच्या वाटीवर हात ठेवला. वाटी गार होती. नुसती कोमट नाही, गार. वर साय धरलेली.

"हे काय? तुमच्या पेटीतली ना ही डाळ?"

डॉक्टर एकदम ओशाळले. चोरी पकडल्यासारखे. "एकाची टिकत नाही, ताई. पेटीत ऐवज लागतो. चार माणसांची डाळ असली की ती आपसात ऊब धरून बसते, तीन वाजेपर्यंत हलत नाही. एका माणसाची साडेदहालाच गार. शास्त्र आहे ते, त्याला इलाज नाही. म्हणून आधी मी चौघांची करायचो."

 पुढचं मलाच आठवलं. थोडं जास्त झालं, ताई. नका आणत जाऊ, डॉक्टर. बरं, ताई. तेव्हापासून किती महिने झाले मी मनातल्या मनात मोजले आणि मला माझ्या या तोंडाची इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली की काय सांगू. जगाच्या डाळीवर झाकण ठेवत फिरणारा हा माणूस माझ्या एका वाक्यापायी रोज गार डाळ खात होता, गॅसवर पुन्हा गरम करणं तत्त्वात बसत नाही म्हणून. आणि सकाळी साडेसातला 'झाकण' सांगायला तरी येत होता.

मी घरी आले आणि स्वयंपाकघरात उभी राहून रडले. विलासने विचारलं, काय झालं गं? मी म्हटलं, काही नाही, डाळ गार झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला बेल वाजली. आमची नाही, त्यांची. मी वाजवली. हातात डाळीचं पातेलं, खळखळत उकळलेलं. डॉक्टरांनी दार उघडलं, पातेल्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा कळवळला. "ताई, झाकण!"

"विसरले," मी म्हटलं. विसरले नव्हते. "पेटीत जागा आहे का? आमची दोघांची, काकूंची एकीची आणि तुमची. चौघांची झाली."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "बघताय काय? वाफ चालली सगळी!" तेव्हा धावले.

तेव्हापासून रोज असंच चाललंय. डाळ कधी माझी, कधी काकूंची आमसुलं आणि मालवणी मसाला घातलेली, रविवारी डॉक्टरांची येसर, म्हणजे भाजलेल्या धान्याचा मसाला, घातलेली आमटी, मराठवाड्याची, नाकातून पाणी काढणारी. जेवण आमच्या टेबलावर. एकच्या ठोक्याला डॉक्टर पेटी उचलून घेऊन येतात, टेबलाच्या मधोमध ठेवतात, लाल काठाची गोधडी उलगडतात, पातेल्यावर तळहात ठेवतात आणि आकडा सांगतात. विलास स्वयंपाकाचा थर्मामीटर आणून बसलेला असतो, अजून एकदाही जिंकलेला नाही. काकू म्हणतात, "वाढा आता, आकडे खातलंव काय?"

मग डॉक्टर हात बाजूला घेतात, खुर्ची ओढून बसतात आणि माझ्याकडे बघून म्हणतात, "ताई, उघडा आता झाकण."